पंखा पाण्यात पाहिजे!

मोटरबोटीवर काम केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. चहाचा कप हातात आला की एक निघतो, आणि तो संपेपर्यंत दुसरा दारात येऊन उभा राहतो. माझे सगळे सारंगखेड्याच्या घाटावरचे, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे. आदल्या पावसाळ्यात तापीच्या पुरात नदीतल्या बेटावर माणसं अडकली होती. लाकडी नाव तिथवर पोचलीच नाही. काही जण परत आलेच नाहीत. म्हणून सरकारी खात्याने एक लहान बोट आणि तिच्यामागे अडकवायची मोटर पाठवली. माणसं तिघं: लेले ओव्हरसियर, नावाडी भिका आप्पा आणि मी, कोरीटचा रामदास. नंदुरबारला लॉऱ्या दुरुस्त करायचो, एवढीच माझी लायकी!

*

पहिल्या दिवशी मोटर बोटीच्या मागच्या फळीवर आवळली. फळी फार उंच आहे, हे तिघांच्याही लक्षात आलं नाही. मी मोटर चालू करायची दोरी ओढली. मोटर अशी किंचाळली की घाटावरची घोडी दावं तोडून पळाली! बोट मात्र पुढे जाईना. मोटरीच्या खालच्या टोकाचा पंखा पाण्याच्या अगदी वरच्या अंगाला फिरत होता, पाण्याऐवजी हवाच ओढत होता. तेवढ्यात प्रवाहाने आम्हाला धरलं आणि खालच्या खडकांकडे न्यायला सुरुवात केली. लेल्यांचा चेहरा पांढराफटक. आप्पा काठावर होता. त्याने स्वतःची नाव सोडली, वल्हं मारत आम्हाला गाठलं, आमची दोरी आपल्या नावेला बांधली आणि मग शांतपणे म्हणाला,

"रामदास, हाई मोटर बोंबलस भारी. चालस कव्हय?"

*

मग सुताराकडून फळी कापून घेतली आणि मोटर चांगली खोल बसवली. आता हवा ओढायचा प्रश्नच नाही! पण बोट जड चालायला लागली, आणि पंखा तळाच्या खडकांच्या जवळ गेला.

त्याच आठवड्यात पलीकडे कॉलरा सुरू झाला. डॉक्टरांना घेऊन निघालो. मधल्या धारेत खाड्‌कन आवाज झाला. पंखा खडकावर आदळला की त्याची बारीक पिन तुटते. त्यामुळे मोटर वाचते. बोटीतली माणसं वाचतीलच असं नाही! मोटर चालू, पंखा बंद. आप्पाने लांब बांबू खडकात रोवला आणि दातओठ खाऊन बोट जागेवर धरली. मी मोटर बंद केली, कलवून पंखा वर काढला आणि पालथा पडून पिन बसवू लागलो. एक पिन निसटून पाण्यात गेली. दुसरी बसली एकदाची.

डॉक्टर बॅग छातीशी धरून बसले होते. पलीकडे उतरल्यावर त्यांनी विचारलं, "अजून किती पिना आहेत?"

"हीच शेवटची होती, डॉक्टरसाहेब."

परतताना डॉक्टर पलीकडच्या एका लाकडी नावेतून आले!

*

आता लेले इरेला पेटले. पंख्याच्या वर मोटरीच्या पायाला एक आडवी पट्टी असते. ती बोटीच्या तळाच्या रेषेत आणायची, आणि तिथून मोटर थोडीथोडी वर सरकवत बघायचं. मोटरीखाली सागाची पातळ चीप ठेवायची आणि फेरी मारायची. काठावर दोन झेंडे रोवलेले. एका झेंड्यापासून दुसऱ्यापर्यंत एकदा प्रवाहाबरोबर, एकदा प्रवाहाविरुद्ध. लेले घड्याळ लावून दोन्हींची सरासरी काढायचे. दर चिपेला वेग वाढत गेला. लेल्यांना हाव सुटली.

"अजून एक चीप, रामदास!"

त्या एका चिपेने घात केला. वळणावर पंख्याने हवा ओढली, आणि मोटर गार ठेवणारी पाण्याची धारही बंद पडली. मी ओरडलो, "साहेब, धार थांबली!"

"बघू," म्हणत त्यांनी मोटरीवर तळहातच टेकवला!

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला आले. लेल्यांनी डाव्या हाताने सलाम ठोकला. साहेबांनी विचारलं, "डावरे आहात?"

"कालपासून, साहेब!"

*

बोट माणसांनी भरली तर कशी चालेल, हेही बघायचं होतं. पलीकडे जाणारी मिरचीची पोती माणसांच्या जागी ठेवली. लेल्यांचा अंदाज बरोबर निघाला. वजन पुढे गेलं की बोटीचा मागचा भाग उचलतो, आणि पंखा पुन्हा पाण्याबाहेर. पोती मागे सरकवताना एक फाटलं, आणि वारा नेमका माझ्या तोंडावर! डोळे मिटले ते उघडेचनात. मोटर माझ्या हातात आणि समोर घाटाच्या दगडी पायऱ्या.

"डावा! आखो डावा! आते सरका!" आप्पा ओरडत होता आणि मी आंधळ्यासारखा आधी डावीकडे, अजून डावीकडे, मग सरळ बोट नेत होतो. बोट पायऱ्यांना खरडत थांबली. मिरचीचा व्यापारी वरून बघत होता. म्हणाला,

"माल कसा शे, भाऊ? तिखट शे ना?"

*

श्रावणात पूर आला. बेटावर पुन्हा माणसं अडकली. लेले काठावर थांबले, त्यांच्या जागेवर एक माणूस जास्त येईल म्हणून. मी आणि आप्पा गेलो. पाणी तांबडं, अख्खी झाडं वाहत येत होती. बेटावरच्या सगळ्यांना एकाच फेरीत घेतलं. दुसऱ्या फेरीपर्यंत बेट उरलं नसतं.

मध्यावर धार जोराची, म्हणून मी मोटर वाढवली आणि तिचा आवाज चढला. बायामाणसं घाबरली. मोटर फुटते की काय, असं वाटून सगळी पुढच्या टोकाला जाऊन एकमेकांना बिलगली. बोटीचं नाक खाली गेलं, मागचा भाग उचलला, पंखा हवेत! मोटर किंचाळतेय आणि बोट आडवी होऊन खडकांकडे चाललीय.

"मांगे या! मांगे बठा!" आप्पा घसा फाडून ओरडत होता. कुणी हलेना. पुढे जाऊन त्यांना ओढावं तर त्याचंही वजन पुढेच जाणार.

त्यांच्यात एक म्हातारी होती. ती उठली. दोन्ही हातांनी कडा धरत, रांगत मागे आली, आणि त्या किंचाळणाऱ्या मोटरीला खेटून, माझ्या गुडघ्याशी बसली. वळून सुनेला म्हणाली, "ये वं माय, आठे ये." सून आली. मग एकेक करून सगळे सरकले. पंखा पाण्यात बुडाला, बोटीने हिसका दिला आणि नाक वळवलं. खडक इतके जवळून गेले की आप्पाने बांबू टेकवून बोट ढकलली.

घाटाला लागल्यावर लेल्यांनी स्वतः हात देऊन म्हातारीला उतरवलं. आप्पाने तिला विचारलं, "माय, सगळा पुढे पळनात, तूच कशी मांगे उनी? तुले भ्याव नही वाटना?"

म्हातारीने पदर पिळला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली,

"वाटना ना भाऊ, भलता वाटना. पन हाऊ पोऱ्या एकलाच रडी ऱ्हायंता."