बाह द्रोलिनच्या गालातला तुकडा

आमच्याकडे पुरुषाला मानानं बाह म्हणतात, बाईला कोंग. बाह द्रोलिनला नाद दोनच: दुइतारा वाजवायचा आणि रानातल्या चमत्कारिक वस्तू घरी आणायच्या. भोकं पडलेले दगड, अंधारात चमकणारी बुरशी, सापासारखी वळलेली मुळं. बायको करवादायची, "घर माझ्या आईचं, आणि जागा मात्र तुझ्या दगडांना!"

पण देवराईतून वाळकं पानही बाहेर न्यायचं नसतं. आत फळं खा, झऱ्याचं पाणी पी, निघताना कपडे झटक. गावातल्या पोरांना हे शिकवणारा द्रोलिनच. तरी तिथल्या एका फांदीनं त्याला वेड लावलं. किड्यांनी पोखरलेली ती फांदी, वारा शिरला की चक्क गुणगुणायची. 'पानाला बंदी आहे, लाकडाचं कोण बोललंय?' अशी स्वतःची समजूत घालून त्यानं बोटाच्या पेराएवढा तुकडा मोडला आणि क्वायच्या, म्हणजे पान-सुपारीच्या, विड्यासारखा गालात धरून बाहेर आला. आमच्याकडे गाल फुगलेला नसेल तरच लोक चौकशी करतात. वाटेत पुजारी भेटला. द्रोलिननं नुसती मान डोलवली.

त्या तुकड्याची त्यानं दुइताऱ्याला घोडी केली. तारा तिच्यावर चढल्या आणि आवाज असा घुमला, की बायकोही दगडांना नावं ठेवायचं विसरली.

मग पुजाऱ्याला मोडलेली फांदी दिसली. संशय गेला कोंग रिमिकावर. बिचारी देवराईच्या कडेला अळंबी वेचून बाजारात विकायची. बायका तिच्या टोपलीत डोकावून म्हणायच्या, "काय गं, अळंबीखाली कुठला देव झाकलायस?" टोपली भरलेलीच घरी जाऊ लागली. एकदा द्रोलिनही तिथं उभा होता. सगळ्यांबरोबर तोही हसला. ते हसू रात्री त्याला झोपू देईना.

बहिणीच्या नातीचं बारसं आलं. बाळाच्या आईचा मामा म्हणून वाजवायचा मान त्याचा. तारा छेडल्या, अंगण डोलू लागलं. दारापाशी बसलेली रिमिका मात्र मान वर करून ऐकत राहिली. रोज ज्या गुणगुणण्याच्या सोबतीनं ती अळंबी वेचायची, ते तिला कसं कळणार नाही?

ती उठली, त्याच्यापुढे विडा धरून हळूच म्हणाली, "घ्या, बाह. तोंड रिकामं दिसतंय."

द्रोलिनचे कान तापले. त्यानं विडा घेतला नाही. तारांखालची घोडी उपसली, तशा तारा लोंबल्या. घोडी पुजाऱ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "तिची टोपली उगाच उपसलीत. हे माझ्या गालात होतं."

"आणि तू पोरांना शिकवतोस!" बहीण म्हणाली.

पुजाऱ्यानं प्रायश्चित्ताला कोंबडा मागितला, तो देवाला चढला. घोडी देवराईत परत गेली. आता दुइताऱ्याला बांबूची घोडी आहे, आणि आवाज चारचौघांसारखा. बाजारच्या दिवशी रिमिकाकडे पहिला जातो तो द्रोलिनच. ती अळंबीवर एक विडा ठेवते. तो घेतो, मुठीत धरतो आणि देवराईचं वळण रिकाम्या गालानं ओलांडल्यावरच तोंडात घालतो.