पितळेवरचे दात

कागदात गुंडाळून आणलेल्या वस्तूवर चाचा आधी हात ठेवत. पूर्ण पंजा, बोटं पसरलेली. मग म्हणत, "आधी सांग, मग दाखव."

कशी मोडली, कुणी मोडली, मोडताना आवाज कसा झाला, हे ऐकल्याशिवाय ते गाठ सोडू देत नसत. एका बाईंनी दोन तुकडे झालेलं लाटणं आणलं होतं. पोळ्या करताना मोडलं म्हणाल्या. चाचांनी शांतपणे विचारलं, "पोळी कुणाच्या पाठीवर लाटत होता, ताई?" बाई आधी रागावल्या, मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

भद्रकालीच्या मागच्या गल्लीतलं ते अरुंद दुकान तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. चाचा खरादी होते, म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवून कातणारे. लाटणी, पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय. आता शटर खाली असतं. नजर अधू झाली म्हणून ते मालेगावला लेकीकडे गेले. माझी त्यांची ओळख तीन दिवसांची. एवढ्यावर कुणाबद्दल लिहावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

मी एकलहऱ्याची. वडील तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर आहेत. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि स्नूकर खेळणारी तर आमच्या अख्ख्या वसाहतीत पहिली. खेळाच्या सरांनी मला स्वतःची क्यू वापरायला दिली होती. क्यू म्हणजे चेंडू मारायची लांब काठी. सर तरुणपणी तिनेच खेळले होते. दोन भागांची, मध्ये पितळेचा जोड, आट्यांवर फिरवून बसवायचा. विद्यापीठाच्या संघाची निवड शनिवारी होती. बुधवारी मी घरी सहज म्हणाले की मारताना जोडात टिक् असा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून आले तर वडिलांनी पाइप पाना लावून जोड आवळून ठेवला होता. खूश होते. "आता हलायची नाही," म्हणाले.

ते कामावर गेल्यावर मी पाहिलं. पितळेला लागून लाकूड बोटभर चिरलं होतं.

गुरुवारी दुपारी चाचांपुढे क्यू ठेवली तेव्हा जोडावर मी काळी पट्टी गुंडाळलेली होती. त्यांनी पंजा ठेवला, नेहमीचं वाक्य म्हटलं. मी म्हणाले, बसमधून उतरताना पडली.

"किती वरून?"

"पायरीवरून."

"कुठल्या बाजूवर?"

मला सांगता येईना. त्यांनी पट्टी नखाने उचलली आणि सावकाश सोडवली. पितळेवर पान्याचे दात उमटलेले होते, एका ओळीत, स्वच्छ. चाचांनी ते अंगठ्याने चाचपले. क्यू पुन्हा कागदात गुंडाळली आणि माझ्याकडे सरकवली.

"पडल्यावर दात उमटत नाहीत, बेटा. घेऊन जा."

मी उठले नाही. रडूही आलं नाही, नुसते कान तापले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याचं काम झालं, ते गेलं. चाचा माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी मी म्हणाले, "वडिलांनी आवळली. त्यांना माहीत नाही चिरलीय ते."

"काय करतात वडील?"

"फिटर आहेत."

चाचांचा चेहरा एकदम सैल झाला. "मग त्यांचं बरोबर आहे. लोखंडाला आवळायचंच असतं. लाकडाला विचारावं लागतं." मग त्यांनी मला समजावलं. पडून चिरलं असतं तर वरून गोंद भरून भागलं असतं. आवळून चिरलं, म्हणजे आतला स्क्रू लाकडाला आतून ढकलतोय. तो न काढता चीर बुजवली तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उघडणार. माझं खोटं त्यांनी मानलं असतं तर शनिवारी टेबलावर क्यू उकलली असती.

मग त्यांनी स्क्रू काढायला घेतला. त्यांनी पितळ तापवलं आणि दोन बोटांनी, घड्याळाच्या काट्यापेक्षा हळू, फिरवत आणलं. मधेच लाकडातून कट् असा आवाज आला. चाचा थांबले. मी डोळे मिटले. "अजून जिवंत आहे," ते म्हणाले आणि पुढे फिरवू लागले. मग दाढीच्या पात्याने चीर केसभर उघडून त्यात पातळ गोंद सोडला, फुंकर मारून आत पोचवला, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून वरून घट्ट गुंडाळली आणि क्यू खिळ्याला उभी टांगली. आडवी ठेवली तर वाकेल म्हणाले. मी शनिवारची आठवण करून दिली. ते म्हणाले, "तुझी घाई लाकडाला कळत नाही."

त्या संध्याकाळी वडिलांना सांगितलं. ते स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी येतो सरांकडं. मी केलं म्हणून सांगतो." मी नको म्हणाले. मीच सांगेन म्हणाले. पण खरं सांगते, तेव्हा माझा सरांना सांगायचा विचार नव्हता.

शुक्रवारी चाचांनी स्क्रूचं भोक किंचित मोठं करून तो पुन्हा बसवला. शनिवारी सकाळी क्यू हातात दिली. चीर बुजली होती. फक्त एक बारीक, गडद रेघ राहिली होती. मी दबकत विचारलं, हिच्यावर गडद पॉलिश मारलं तर ती दिसेनाशी होईल का?

"होईल."

"मग मारता का, चाचा?"

"नाही." ते रागावले नव्हते. "उद्या ही दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल. त्याला कळायला नको, कुठं जपायचं ते?"

मी क्यू पिशवीत भरली. ते म्हणाले, बिनधास्त ठोकून खेळ, हळू खेळलीस तर माझा अपमान. सामने कुठे आहेत तेही विचारून घेतलं. मला वाटलं, असंच विचारलं असेल.

कॉलेज रोडच्या त्या हॉलमध्ये सर दारातच भेटले. क्यू पिशवीतून काढायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, पाना, पट्टी, पायरीवरून पडल्याचं खोटं, सगळं. सरांनी रेघेवरून नख फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "हिच्यावर भरवसा आहे तुझा?"

"माहीत नाही, सर. ज्यांनी दुरुस्त केली त्यांचा आहे."

"मग हिनेच खेळ."

शेवटच्या फेरीत टेबलावर फक्त काळा चेंडू उरला. जी तो भोकात पाडेल ती संघात. तो लांबच्या कोपऱ्यात पाडायचा होता. अलगद मारून तो पोचला नसता, पूर्ण ताकद लावावी लागणार होती. दिवसभर मी हात राखून खेळले होते. वाकले तेव्हा रेघ नेमकी डोळ्यांसमोर आली, आणि तिच्यापलीकडे दारात चाचा दिसले. धुतलेला पांढरा कुर्ता. चपला बाहेर काढून, अनवाणी उभे. त्या हॉलमध्ये चपला कुणीच काढत नाही.

मी मारलं, ठोकून.

सगळ्यांच्या माना चेंडूमागे फिरल्या. सरांचीसुद्धा. चाचा एकटे क्यूकडे बघत होते. कान जरासा पुढे केला होता. जोडातून काहीच आवाज आला नाही. त्यांनी एकदा मान हलवली आणि वळले. काळा चेंडू अजून टेबलावरून धावत होता. तो कोपऱ्यात पडला, लोक ओरडले, तेव्हा चाचा बाहेर खाली वाकून चपला घालत होते.