सईदचा शुक्रवारचा फोटो

सईद दुकानात आला की मी आधी ओरडतो. काचेवर कोपर टेकू नकोस, चहा सांगितलाय, गप बस. पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो, त्यामुळे त्याच्यावर डाफरायचा माझा हक्क आहे आणि ऐकून घ्यायची त्याला सवय. त्याचं गाव वडखळच्या पलीकडे, खाडीकाठी. शुक्रवारी सकाळी शेताचा फोटो काढायचा, पेणला येऊन जुम्म्याची नमाज पढायची आणि मग माझ्या स्टुडिओची पायरी चढायची, हा त्याचा नेम.

या फोटोचं मूळ त्याच्या मुलात, आमीरमध्ये आहे. पोराला आखातात जायचंच नव्हतं. भाताच्या लोंबीला हात लावल्याशिवाय त्याला करमायचं नाही. सईदनंच त्याला ढकलला. दोन वर्षं जा, घर उभं राहू दे, शेत मी सांभाळतो, आलास की तुझ्या हातात देतो, असं कबूल केलं. आमीर म्हणाला, मग दर शुक्रवारी बांधावरून शेताचा फोटो पाठवायचा. रोह्याला दिलेल्या लेकीनं, इकरानं, बापाला चांगला मोबाइल घेऊन दिला आणि फोटो जायला लागले.

यंदा श्रावणातल्या उधाणाला बाहेरचा बांध फुटला. आमच्याकडे अशा भगदाडाला खांड म्हणतात. माणसं जमवून ती बुजवेपर्यंत पुढचं उधाण आलं आणि खाडी भातात शिरली. खारं पाणी मुरलं की त्या जमिनीत दोन-तीन वर्षं काही धड पिकत नाही. हिरवंगार भात बघता बघता तांबूस पडलं.

त्या शुक्रवारी सईदनं प्लास्टिकच्या पिशवीतून मोबाइल काढला, करपलेलं शेत माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "याचा रंग काढून दे, दिना. आमीरला कळलं तर तो पळून येईल."

मी भडकलो. अरे, सरळ सांगून टाक ना पोराला! पण त्याचंही खोटं नव्हतं. आमीरचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, करार अर्धा बाकी. डोक्यात राख घालून निघाला असता तर तिथंच कुठंतरी अडकला असता. सईदनं मोबाइल परत माझ्यापुढं सरकवला आणि मी मेला विरघळलो.

नुसता रंग उडवला की फोटो ओल्या सिमेंटसारखा दिसतो. कॉम्प्युटरवर प्रत्येक रंगाची पट्टी वेगळी असते. तांबडा आणि पिवळा मी खाली ओढला, तशी करपलेली पात भरल्या भातासारखी गडद झाली. निळा ओढला, आभाळ दाटून आलं. मला माझंच कौतुक वाटलं. सईदनं आमीरला कळवलं, दिनाकाकाला जुन्या पद्धतीच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचं खूळ लागलंय. झालं, खूळ माझ्या नावावर!

पुढं दर शुक्रवारी तेच. शेतात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण बांधावर उभं राहायला जावंच लागायचं. मोबाइल वाजला की सईद दचकायचा. आमीर लोंब्या भरल्या का विचारायचा, हा ठोकून द्यायचा. पोराला मीच तिथं डांबला आणि इथं मी डांबला गेलो, असं एकदा म्हणाला. कापणीचे दिवस आले तेव्हा तर, आता कापणीचा फोटो कुठून आणू, म्हणून डोकं धरून माझ्यासमोर बसला.

तेवढ्यात आमीरचा निरोप आला, त्याच्याच आवाजातला. सईदनं तो तिथंच लावला.

"अब्बा, कापणीच्या फोटोची फिकीर करू नका. मला दसऱ्यालाच कळलं. ढेकळांवर मीठ दिसत व्हतं. तुम्ही एवढं जपताय म्हणून गप ऱ्हायलो. मी नाय पळून येत. पण फोटो बंद करू नका."

मी जुने फोटो उघडले. दसऱ्यापासून बांधाच्या कडेनं पांढरे पट्टे लख्ख दिसत होते. मला वाटलं होतं पाणी चमकतंय. फोटो उठावदार व्हावा म्हणून मीच ते आणखी उजळले होते! तांबड्याला पट्टी असते, पिवळ्याला असते, मिठाला कुठली असणार? खाडीकाठच्या पोराला ते ओळखायला कितीसा वेळ? माझी मलाच लाज वाटली.

निदान सईद तरी सुटला, असं मी धरून चाललो होतो. पुढच्या शुक्रवारी हा परत हजर, मोबाइल पुढं केलेला. मी म्हटलं, आता कशाला? त्याला सगळं ठाऊक आहे, रंगीतच पाठव की.

सईद खाली मान घालून म्हणाला, "त्याला ठाऊक हाय रे. पाठवायचा तर मला पण बघावा लागतो. माझ्यान नाय बघवत रंगात."

मी ओरडलो नाही. चहा सांगितला आणि रंग काढायला घेतला.