मी सरळ केलेली पट्टी

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, याचीच शंका वाटते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मीही पुढे कुणी शास्त्रज्ञ झालो नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते लाजेचं आहे. वाचकांनी धिटाईबद्दल माफ करावं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी वर्ध्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात होतो. बाबा अल्लीपूरला लोहारकाम करत, वखराच्या पासा शेवटत, म्हणजे बोथटलेली पाती तापवून ठोकून धारदार करत, बैलबंडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवत. आमचे पदार्थविज्ञानाचे सर पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक फरक मोजणारं यंत्र बनवत होते. त्याचा जीव म्हणजे निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी. तिच्याभोवती तारेची गुंडाळी असे आणि आपण हेडफोन लावून ऐकायचं. पण पट्टी स्वतःच इतकी खरखर करी की मोजायचं ते त्यात बुडून जाई. सरांचं म्हणणं होतं, ती भट्टीत तापवून दोन दिवस अगदी सावकाश थंड केली तर शांत होईल. एका दूरच्या प्रयोगशाळेने दिलेल्या पट्ट्यांपैकी ही शेवटची होती.

मला त्या कामावर घेतलं तेव्हा प्रयोगशाळेचा शिपाई म्हणाला होता, "पाय बाप्पा, लोहाराचा पोरगा आला! अबे, इथं ठोकठाक नाई चालत!" सगळे हसले. मीही हसलो.

पट्टी थंड झाली तेव्हा सर तासाला निघाले होते. "ट्रेसकट उचल, टेबलावर ठेव. बाकी काही करू नकोस," एवढंच सांगून गेले. मी ठेवली. पाहतो तर ती मधोमध जराशी वाकलेली. बाबांनी वाकडी वस्तू कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिली नव्हती. मी पट्टी पितळी ठोकळ्यावर ठेवली आणि लाकडी हातोडीने चार हलके ठोके दिले. सुरेख सरळ झाली. मला अभिमानच वाटला.

सरांनी गुंडाळी चढवली, हेडफोन लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"खरखर पहिल्यापेक्षा जास्त आहे. उचलताना पडली का रे?"

"नाही सर."

हे खरं होतं. मग त्यांनी विचारलं, "दुसरं काही झालं?"

"नाही सर."

‘ठोकठाक नाई चालत’ म्हणणारा तो शिपाई दारातच उभा होता.

तीन दिवस पुन्हा पुन्हा मोजून सरांनी त्या प्रयोगशाळेला कळवलं की सावकाश थंड करण्यात काही अर्थ नाही. ते पत्र पेटीत मीच टाकलं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी भाता थांबवला.

"थंडी पट्टी ठोकली? काऊन रे? थंडं ठोकलं का लोखंड आतून अकडते, हे तुले म्या सांगाव लागते?"

मी विझत चाललेले निखारे सारखे करू लागलो.

"सरले सांगतलं?"

"नाई, बाबा."

"मंग जाय न, सांगून ये. खाऊन टाकतीन का ते तुले?"

सुट्टी संपताच सरांच्या खोलीवर गेलो. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "बरा आलास. तुझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं आहे. कामात प्रामाणिक आहेस, असं लिहिलंय." मी दोन्ही हातांनी ते घेतलं, पाया पडलो आणि परत आलो. त्या पत्रावर मला हिंगणघाटला शिक्षकाची नोकरी लागली.

चार वर्षांनी वर्ध्याच्या एस.टी. स्टँडवर तो शिपाई भेटला. म्हणाला, "सर गेले न, गुरुजी, उन्हाळ्यात. तुमाले नाई समजलं?" मग त्याने सांगितलं, की त्याआधी थोडे दिवस त्या प्रयोगशाळेचं पत्र आलं होतं. त्यांनी सरांच्याच रीतीने पट्ट्या सावकाश थंड करून पाहिल्या होत्या आणि खरखर पुष्कळ कमी झाली होती. सरांनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, "म्हणजे माझाच हात कुठेतरी चुकला."