शेजारच्या लॅबमधले मातीचे डब्बे

किस्से गोळा करायला मी कुठं जात नाही बाई! गच्चीवर कपडे वाळत घालते, वाटीभर भाजी घेऊन शेजारी डोकावते. किस्से आपोआप पदरात पडतात. त्यात बालाघाटात आमच्या भिंतीला लागूनच लॅब आली, मग काय!

लॅबमध्ये मेश्राम मॅडम आणि त्यांचे ड्रायव्हर उइकेभाऊ. मातीत, पाण्यात मुळातच थोडं रेडिएशन असतं म्हणे. ते मोजायची मॅडमची पद्धत बरोबर की नाही, याची परीक्षा चालू होती. पास झाली तर लॅब इथंच. नापास झाली तर मशीन परत, मॅडमही परत. मला तर घोरच लागला!

*

एकदा पाहते तर मशीन सुरू, आत काहीच नाही!

"मॅडम, रिकामी मशीन काहून चालवून राह्यल्या?"

"काकू, रिकाम्यात किती येते ते कळल्याबिगर भरल्यातलं कसं सांगू?"

"हौ, किराणावाला पहिले रिकामा डब्बा तोलते, तसं!"

"अगदी तसंच!"

तेव्हापासून मी स्वतःला अर्धी सायंटिस्ट समजते.

*

मग एकाच मातीचे सात डब्बे भरले. सगळ्यांचं उत्तर सारखं यायला पाहिजे म्हणे.

मी म्हटलं, "आमच्या घरी एकाच गंजातली भाजी सात जण खातात, सात चवी सांगतात!"

"म्हणूनच माणसाले नाही, मशीनले इचारतो काकू!"

*

बैहरकडच्या एका शेतातली माती दुसऱ्यांदा आणायची होती, त्याच जागेवरची. मॅडम अन् उइकेभाऊ जाऊन पाहतात तर मागच्या खड्ड्याभोवती शेणसडा, हळदकुंकू, वर नारळ!

शेतवाला म्हातारा हात जोडून म्हणाला, "मलाजखंड में ताँबा निकला, यहाँ भी कुछ होगा. नहीं तो मिट्टी के लिए दुबारा कौन आता है?"

माती काही घेता आली नाही. प्रसाद मात्र घेऊन आले!

*

माझ्या अंगणातलीही माती दिली मी. डब्बा सीलबंद करून महिनाभर ठेवतात, आतला वायू जमावा म्हणून. मी रोज विचारायची, "मुरली का?"

शेवटी मॅडम म्हणाल्या, "काकू, एकदम साधी माती आहे."

"काहीच विशेष नाही? अन् त्या समोरच्या वहिनीची?"

"तिचीबी तशीच."

"मंग ठीक आहे!"

*

अन् मग परीक्षेचा दिवस. मोठ्या लॅबचे साहेब महिन्याआधी एक बंद डब्बा देऊन गेले होते. आत किती रेडिएशन, ते फक्त त्यांनाच ठाऊक. मी चहा घेऊन आधीच हजर!

मॅडमनी आकडा सांगितला. साहेबांनी मान हलवली. "सॉरी मॅडम. खूप जास्त आहे. नापास."

मी चहाचा ट्रे टेबलावर आदळला. मॅडम मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"तीनदा मोजलं सर. तिन्ही वेळेस हेच आलं. एकडाव तुमच्या डब्ब्याचा नंबर पाहून घेता का?"

साहेबांनी हसत हसत ऑफिसला फोन लावला. मग हसू थांबलं. आम्हाला द्यायचा डब्बा तिकडं कपाटातच होता! आणला होता दुसराच. त्या दुसऱ्याचा आकडा विचारला, तर मॅडमशी बरोब्बर जुळला.

"पास," साहेब हळूच म्हणाले. मी तर मॅडमला मिठीच मारली!

साहेब चहा न पिताच घाईनं बाहेर पडले, अन् थेट आमच्या लॅबच्या जीपमध्ये जाऊन बसले.

उइकेभाऊंनी अदबीनं दार उघडलं. "साहेब, तुमची गाडी तिकडं उभी हाय. नंबर पाहून बसा!"