जिनिंगच्या भिंतीआड

आमच्या गावात शिरताना डाव्या हाताला बंद पडलेली जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, लागते. गावाचं नाव सांगत नाही. सेलू नव्हे, मानवतही नव्हे. त्यांच्यासारखंच परभणी जिल्ह्यातलं, कापसावर मोठं झालेलं आणि पुढं थकलेलं एक गाव समजा. जिनिंगचे पत्रे कधीच उडालेत. पुढची दगडी भिंत तेवढी धड उभी आहे. तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या, फाटलेले फ्लेक्स, कुणाकुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि बोअरवेलवाल्यांच्या जाहिराती. भिंतीसमोर फाटा, फाट्यावर एसटीचा थांबा, आणि थांब्यावर रोज सकाळी मी. खेड्यावरच्या शाळेत शिकवते.

या जागेची सगळ्या गावाला लाज वाटते. परभणीहून पाहुणे आले की आमचे हे गाडी फाट्यावर यायच्या आधीच सांगायला लागतात की आता ती जागा पाडणार आहेत बरं का. हे निवृत्त कारकून आहेत आणि गाव सुंदर करायच्या समितीवर आहेत. ती समिती गेली काही वर्षं फक्त या एका जागेवर चर्चा करते आहे. मला वाटणारी लाज मात्र वेगळी होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती, यांनाही नाही.

गोष्ट साधी आहे. फाट्यावर बायकांसाठी मुतारी नाही. बसस्टँड गावाच्या पार त्या टोकाला, तिथल्या मुतारीला कुलूप. एसटी कधी वेळेवर येते, कधी तासभर येत नाही. शुगर लागल्यापासून माझ्या हातात काही राहिलेलं नाही. घरून जाऊन निघालं तरी फाट्यावर पोहोचेपर्यंत पुन्हा तेच. डॉक्टर म्हणतात पाणी भरपूर प्या. त्यांना काय जातंय म्हणायला.

जिनिंगच्या मागच्या बाजूला भिंत पडून भगदाड झालं होतं. फाट्यावरच्या बायका तिथून आत जायच्या. कापूस वेचायला निघालेल्या, कॉलेजच्या पोरी, दवाखान्यात आलेल्या, आणि शाळेतल्या मॅडम म्हणजे मी. एकटी कुणी जात नसे. थांब्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही बाईजवळ जायचं आणि हळू विचारायचं, ‘उभ्या राहता का जरा?’ ती काही न विचारता सोबत यायची, भगदाडाकडं पाठ करून उभी राहायची आणि कुणी पुरुष येताना दिसला की खोकायची. मग आपण तिच्यासाठी उभं राहायचं. कोण कुठल्या जातीची, कुणाच्या अंगावर कसलं लुगडं, कुणी बघितलं नाही. आणखी एक नियम होता, तोही कुणी सांगितलेला नव्हता. बाजारात समोरासमोर आलो तर ओळख द्यायची नाही.

थांब्याजवळ एक बाई टोपली घेऊन बसते. पेरूच्या दिवसांत पेरू, नाहीतर बोरं, सीताफळं. आम्ही दोघी एकमेकींसाठी इतक्या वेळा उभ्या राहिलो असू, पण मला तिचं नाव माहीत नाही. ती मला बाई म्हणते. मी पेरू घ्यायला गेले की भाव मात्र चोख लावते, सूट द्यायचं नाव नाही.

मधे समितीनं एक काम केलं. भिंतीच्या रस्त्याकडच्या बाजूला पुरुष रांगेनं उभे राहायचे, त्याचा वास थेट रस्त्यावर यायचा. म्हणून तिथं देवांच्या टाइल्स बसवायचं ठरलं. सगळीकडं बसवतात तशाच. कुणाची तक्रार नको म्हणून सगळ्या धर्मांची चित्रं आणली, एकाआड एक, गुडघ्याच्या उंचीवर. त्यात बुद्धही आला. आमचं घर बौद्ध. घरी बुद्धाची मूर्ती उंचावर, पुसलेल्या फळीवर असते, आणि इथं त्याला मुतणाऱ्यांना अडवायच्या कामाला लावलेलं. मी यांना म्हटलं, हे बरं दिसत नाही. हे म्हणाले, ‘अगं, आपल्याला वगळलं असतं तर तू आधी बोंब मारली असतीस.’ ते काही खोटं नव्हतं.

टाइल्सचा गुण मात्र आला. आमच्या गावचे पुरुष देवाला भिऊन आहेत. एकानंही पुन्हा त्या भिंतीवर धार धरली नाही. समितीचा सत्कार झाला, यांना शाल मिळाली. फक्त ते सगळे पुरुष आता जातील कुठं, हे शालीच्या गडबडीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते भिंतीला वळसा घालून मागच्या भगदाडातून आत यायला लागले. मग बायका आणखी आत सरकल्या, जिथं पूर्वी कापसाच्या गाठी दाबायचं यंत्र, म्हणजे प्रेस, होतं त्या खोलीत. तिला तीन भिंती शिल्लक होत्या आणि घाणेरीची झुडपं दाराएवढी वाढली होती. साप असतील म्हणून आत जाताना पाय आपटत जायचं. यांना शाल मिळाली त्या आठवड्यात मी घरात यांच्याशी नीट बोलले नाही. का, ते यांना कळलं नाही आणि मलाही सांगता येईना.

मग यंदा जागेचं काय करायचं ते कायमचं ठरवायला मोठी बैठक बोलावली. गावातले प्रतिष्ठित, व्यापारी, डॉक्टर, वकील. हे म्हणाले, ‘तू पण चल, एक महिला पाहिजे म्हणतेत.’ मी इरकल नेसून गेले आणि मला पुढच्या रांगेत बसवलं.

चर्चा मोठी रंगली. एकाचं म्हणणं दुकानांचा कॉम्प्लेक्स बांधा, गावाचं उत्पन्न वाढेल. दुसरा म्हणाला, आधी कमान. कमान नसलेलं गाव कुणी गाव म्हणत नाही, देवगाव फाट्यावरून वळल्यावर माणसाला कळलं पाहिजे आपण कुठं चाललोय. तिसऱ्याला कारंजं आणि बाग पाहिजे होती, त्यात इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव, पोरांना फोटो काढायला. कारंज्याला पाणी कुठून आणणार, असं कुणीतरी विचारलं, कारण आम्हाला नळ आठवड्यातून एकदा येतो. यावर कारंजं फक्त पाहुणे आल्यावर सुरू करायचं, असा तोडगा निघाला. प्रत्येक जण उठून तेच म्हणत होता, ती जागा म्हणजे गावाची लाज आहे, येणारा-जाणारा काय म्हणत असेल. येणारीचं आणि जाणारीचं काय होतं, हे कुणाच्या तोंडून येत नव्हतं. मी घड्याळ बघत होते, कारण मला पुन्हा जायचं होतं आणि त्या इमारतीत बायकांची सोय कुठं आहे हे पुरुषांनी भरलेल्या सभागृहात विचारायचं कसं, ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, ‘महिलांच्या वतीनं मॅडमनी दोन शब्द बोलावेत.’

मी आभार मानून बसणार होते. सातवीच्या वर्गात मूत्रपिंडाची आकृती मी फळ्यावर काढते, सगळे शब्द खणखणीत सांगते, पोरी हसल्या तर डोळे वटारते. इथं तेच शब्द जड झाले. तरी बोलले. म्हटलं, फाट्यावर बायकांना लघवीला जायला जागा नाही. कॉम्प्लेक्स करा, कमान करा, पण आधी ती सोय करा. बायका जिनिंगच्या मागच्या भगदाडातून आत जातात, प्रेसच्या खोलीत. रोज जातात. मी पण जाते.

माझ्या शेजारचे डॉक्टर मोबाइलमध्ये बघायला लागले. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि त्याला दुसऱ्यानं गप्प केलं. अध्यक्ष माणूस भला आहे. ते म्हणाले, ‘मॅडम घरच्याच हायत, मोकळं बोलल्या. सूचना चांगली हाय.’ आणि त्यांनी चहा मागवला. चहा पिताना माझ्याशी कुणी नजर मिळवली नाही. हे बशीतल्या बिस्किटाकडं बघत बसले होते.

आम्ही स्कूटरवरून घरी आलो. कुलूप उघडताना हे म्हणाले, ‘तू पण जातीस असं कामून सांगायचं? बायका जातेत म्हनली असतीस तरी भागलं असतं की.’

‘मी बायकांतच येते,’ मी म्हटलं. ‘तुम्ही इतकी वर्षं त्या फाट्यावर कुठं जात होतात?’

हे बादली घेऊन कुंड्यांना पाणी घालायला गेले. कोरड्या कुंड्या आणि ओल्या कुंड्या, सगळ्यांना सारखंच घातलं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि तिथंच उभी राहिले. सगळ्या गावाला आता मी कुठं बसते ते माहीत होतं. या वयात, नातवंडं असताना, अंगावरचं वस्त्र कुणी ओढावं तसं वाटत होतं, आणि ते मी स्वतःच ओढलं होतं. पण आत कुठंतरी बरंही वाटत होतं. बोललो तर बोललो, आता सोय होईल. शाळेत बाकीच्या मॅडमना मी सांगितलंसुद्धा, जरा मान ताठ करून.

समितीचं काम एरवी गोगलगायीच्या चालीनं चालतं. या वेळी आठवडा लागला नाही. मी फाट्यावर गेले तर भगदाडावर नवे कोरे पत्रे ठोकलेले. त्यांच्यावर पाटी: महिलांच्या सुरक्षेसाठी आत जाण्यास सक्त मनाई. कॉम्प्लेक्स, कमान, कारंजं, मुतारी, सगळं मंजुरीसाठी वर पाठवलं होतं, ते येईल तेव्हा येईल. पत्र्यांना मात्र मंजुरी लागली नाही.

पेरूवाली टोपलीवर ओलं फडकं पसरत होती. मला बघून म्हणाली, ‘बाई, तुमी मिटिंगीत बोलल्या म्हनं.’

‘बोलले.’

‘बरं केलं. कुनीतरी बोलायलाच पायजे व्हतं.’ फडकं नीट केलं तिनं. ‘पर जागा कशाला सांगितली?’

मी विचारलं, पत्रे कुणी मारले. ती म्हणाली, ‘तुमी बोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पोरं मोबाइल घिऊन तिथं हुबी ऱ्हायला लागली. मंग मारले पत्रे. आमी ती जागा घरच्या मान्साला बी सांगितली न्हवती, बाई. कुनालाच न्हाई.’

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी बोलले असते, सोय होणार आहे, वर पाठवलंय, असं काहीतरी. बैठकीत हसणाऱ्या पुरुषांपुढं वाटली नव्हती इतकी लाज मला तिच्या टोपलीपुढं वाटली. मागायची होती नवी जागा, आणि मी सांगून बसले होते ती जुनी जागा. तीही माझ्या एकटीची असल्यासारखी. त्या दिवशी मी दिवसभर पाणी प्याले नाही. थांब्यावरच्या बाकी बायकाही माझ्याकडं बघत होत्या, आणि ओळख न देण्याचा आमचा नियम त्यांनी त्या दिवशी थांब्यावरच पाळला.

पुढच्या सोमवारी जिनिंगपुढं भला मोठा फ्लेक्स लागला, बांबूंवर ताणलेला, भिंतीपासून थोडा पुढं. नियोजित सुशोभीकरण. चित्रात हिरवळ, कारंजं, आमच्या गावात कधीही दिसणार नाही असं एक गोरंगोमटं जोडपं हातात हात घालून फिरतंय. खाली समितीच्या लोकांचे हात जोडलेले फोटो. शेवटचा माझा, महिला प्रतिनिधी म्हणून. यांनी मला न विचारता मुलाच्या लग्नातला फोटो दिलेला. अंगावर सगळे दागिने, चेहरा हसरा.

मी त्या फोटोकडं बघायचं टाळत उभी होते. पेरूवाली उठली, माझ्याजवळ आली आणि रस्त्याकडं बघत म्हणाली, ‘बाई, उभ्या राहता का जरा?’

मी म्हटलं, कुठं? तिनं हनुवटीनं फ्लेक्सकडं दाखवलं. फ्लेक्स आणि टाइल्सची भिंत यांच्यामधे दीड हाताची पट्टी होती. बायकांनी ती शोधून काढली होती.

ती मागं गेली. मी पुढं उभी राहिले. वारा सुटला होता, फ्लेक्सचा खालचा भाग उचलला जात होता, म्हणून मी वाकून दोन्ही हातांनी त्याची कड धरली. वर मी हसत होते आणि खाली मी ओणवी. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, मोटरसायकली गेल्या, सगळे बघत गेले. मी मान खाली घातली, पण कड सोडली नाही.

एसटी आली. रोजचा कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, ‘बाई, चला की.’ मी मान हलवून नाही म्हटलं. त्यानं घंटी मारली.

‘गाडी गेली का, बाई?’ मागून तिनं विचारलं.

‘जाऊ दे,’ मी म्हटलं. ‘तू सावकाश ये.’