पहिला हात वाळू द्या

जगातला सगळ्यात सावकाश माणूस रामनगरात राहतो आणि तो माझा साडू लागतो. त्यांना गोगलगाय म्हणण्यात अर्थ नाही, कारण गोगलगाय निदान कुठेतरी जायला निघालेली असते. सकाळी ते अंघोळीला उठले की ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, बंबात आणखी दोन लाकडं सारते. हे न्हाणीत पोचेपर्यंत पाणी निवणार हे त्या घरात गृहीतच आहे. बाजारातून कोथिंबीर आणायला गेले तर ती संध्याकाळच्या आमटीत पडते, पण कुठल्या संध्याकाळच्या ते सांगता येत नाही. फोन वाजला तर आधी ते त्याच्याकडे बघतात, मग चष्मा शोधतात, मग चष्मा पुसतात, आणि तोवर फोन थांबला की समाधानाने म्हणतात, "म्हत्त्वाचं असंल तर परत करतील."

गंमत अशी की याच माणसाने सगळी नोकरी सरकारी बस हाकण्यात काढली, आणि जोयडा तालुक्यातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर त्यांच्याइतका उतावळा ड्रायव्हर दुसरा झाला नाही. त्यांच्या बसने उळवीच्या जत्रेला निघालेली माणसं देवाचं नाव निम्म्या वाटेतच घेऊन संपवायची. एकदा चहाला उतरलेल्या कंडक्टरला टपरीवरच ठेवून ते पुढच्या गावापर्यंत गेले. उतारू आपण होऊन तिकीट मागायला लागले तेव्हा कुठे त्यांना कंडक्टर नसल्याचं कळलं. बिचारा मागून एका ट्रकने धापा टाकत आला, तर साडूभाऊ त्यालाच म्हणाले, "चा एवढा गरम प्यायचा कशाला? बशीत ओतून घ्यायचा." वेळेवर गाडी सोडणं आणि वेळेआधी पोचवणं यापलीकडे त्यांना धर्म ठाऊक नव्हता.

त्यांना बदललं ते त्यांच्या नातीने. बेळगावला शाळेत शिकणारी ही पोर एकदा सुट्टीत हस्तकलेचं काम घेऊन आजोळी आली. पुस्तकात ठेवायची खूण करायची होती: कोऱ्या चामड्याची एक पट्टी, रंगाची बाटली आणि वरून लावायच्या चकाकीची दुसरी बाटली. आजोबांनी बस चालवली तसाच रंग चालवला. रंगाचा हात मारला आणि त्याच दमात त्याच्यावर चकाकी फिरवली. ओला रंग चकाकीबरोबर वाहत गेला, पट्टीवर वाघासारखे पट्टे उमटले, आणि उरलेला रंग नातीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात उतरला. नात रडली नाही. ती फक्त म्हणाली, "आजोबा, पहिला हात वाळू द्यायचा असतो." थांबा म्हणून ओरडणारे उतारू त्यांना जन्मभर पुष्कळ भेटले होते, पण न थांबल्याचा पुरावा असा कुणी हातात आणून दिला नव्हता. त्या दिवसापासून साडूभाऊंनी चामडं रंगवण्याचा ध्यास घेतला, तो घेतलाच.

बेळगावाहून झाडाच्या सालीत कमावलेलं कोरं चामडं यायला लागलं. माजघरातल्या पाटावर बाटल्या, फडकी आणि मेणाच्या वड्या यांचं बिऱ्हाड बसलं. घरी येईल त्याला धडा मिळायला लागला. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूसही त्यातून सुटला नाही. टाकी खांद्यावर तशीच ठेवून त्याने सगळं ऐकून घेतलं. "आदी वल्या फडक्यानं पूस. मग लोकरीच्या तुकड्यानं रंग. गोल गोल, पातळ. जाड हात मारलास की डाग पडला म्हन. पहिला हात वाळू द्यायचा, मग दुसरा. मग कोरड्या फडक्यानं घासायचं. फडकं पांढरं निघंस्तोवर घासायचं. मगच मेण लावून रंग आत कोंडायचा. आनी हे सगळं आदी चिंधीवर करून बघायचं." लोकरीचे तुकडे कुठून येतात हे ताईला थंडी पडल्यावर कळलं. तिने पेटीतून स्वेटर काढला तर त्याला एकच बाही होती. साडूभाऊ म्हणाले, "दुसरी हाय की अजून."

आता हा छंद कोरड्या मुलखात कुणी केला असता तर एक वेळ समजू शकलो असतो. जोयड्याच्या रानात पाऊस लागला की चार महिने काहीच वाळत नाही. चादरी वाळत नाहीत, काड्यापेटी वाळत नाही, ताईने उन्हाळ्यात खडखडीत वाळवलेल्या पापडांनासुद्धा बुरशी धरते. अशा ठिकाणी या गृहस्थांनी वाळण्यावर सगळा जीव टांगलेला. पट्टे, पाकिटं, किल्ल्यांचे गोंडे चुलीवरच्या माळ्याला लोंबायचे आणि त्यांतून फोडणीचा वास यायचा. काही वस्तू फ्रीजच्या पाठीमागच्या उबेला बसलेल्या, काही तांदळाच्या पिंपात. एकदा देवघरात समईच्या वर पाकीट टांगलं, तेव्हा ताईने जी काही भाषा वापरली ती देवासमोर वापरण्यासारखी नव्हती. पाकीट निमूटपणे चुलीकडे परतलं.

सुरुवातीच्या काळात त्यांनी मला एक पट्टा भेट दिला होता. तो घालून मी पांढऱ्या शर्टात एका लग्नाला गेलो. जेवणाच्या पंगतीपर्यंत शर्टाला तांबूस काठ आला. रात्री पट्टा काढून आरशासमोर उभा राहिलो, तर पट्टा अजून कमरेला होताच. तो कातडीवरून जायला आठवडा लागला. मी तक्रार केली तेव्हा ते पट्टा नाकाशी नेऊन म्हणाले, "घाई केली, पावनं. मेण एक दिवस आदी लावलं." त्या पट्ट्याबद्दल त्यांना माझ्या शर्टापेक्षा जास्त वाईट वाटलं, हे मी मनात ठेवलेलं आहे.

हळूहळू हे वाळू देणं चामड्यावरून उतरून सगळ्या संसारात पसरलं. शेजाऱ्यांनी मुलाच्या स्थळाबद्दल सल्ला विचारला. मुलगी चांगली, घर चांगलं, साडूभाऊ म्हणाले, "बोलणं झालंय न्हवं? वाळू द्या जरा." शेजाऱ्यांनी वाळू दिलं, आणि तेवढ्यात मुलगी खानापुरात नांदायला गेली. दोन भाऊबंद बांधावरच्या माडावरून भांडत आले, तर यांनी दोघांच्या हातात एकेक फडकं आणि एकेक पाकीट दिलं. तासभर घासून दोघांचे हात दुखले आणि भांडण तिथेच मिटलं. एवढा एकच न्याय त्यांच्या नावावर जमा आहे, पण त्याच्या जोरावर ते सगळ्या गावाला तेच औषध द्यायचे. राग असो, दुःख असो, पहिला हात वाळल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही.

माजघरातल्या खुंटीवर मात्र एक वस्तू कायमची टांगलेली असायची. पानसुपारीची चंची. दोन घड्यांची, एका बाजूला पानं, दुसऱ्या बाजूला सुपारी आणि चुन्याची डबी बसेल अशी. शिलाई इतकी नेटकी की ती त्यांच्याच हातची यावर विश्वास बसू नये. बाकीच्या वस्तू वर्षा-सहा महिन्यांत का होईना कुणाच्या तरी घरी जायच्या, चंची खाली उतरत नव्हती. तोंडात जाणारी वस्तू ठेवायची म्हणून तिला बाटलीतला रंग चालत नसे. सुपारी उकडली की कढईत जे तांबडं दाट पाणी राहतं, ज्याला इकडे चोगरू म्हणतात, त्याचे हात ते तिला द्यायचे. मग रानच्या मधाचं मेण खोबरेल तेलात वितळवून लावायचे. मग पुन्हा ते मेण खरवडून काढायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "आतल्या घडीत दमट लागतंय अजून."

एकदा ते कोथिंबीर आणायला गेले. म्हणजे बोलायला भरपूर वेळ होता. मी ताईला विचारलं, "ही चंची कुणाची?"

"अक्काची," ताई म्हणाली. "ह्यांच्या थोरल्या भनीची. नंदिगड्ड्याला असती न्हवं का." मग तिने सगळं सांगितलं. ताईच्या लेकीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी अक्का पानं, केळी आणि अबोलीची टोपली घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. आत्या म्हणून भाचीची ओटी त्यांनी भरायची होती. त्या रस्त्याने त्या दिवशी भावाचीच बस होती, म्हणून त्या निश्चिंत होत्या. वाटेत झाड पडल्यामुळे बसला उशीर झालेला, बस खच्चून भरलेली. साडूभाऊंनी बहिणीला बघितलं, हाताने मागून दुसरी येतेय अशी खूण केली आणि गाडी तशीच पुढे काढली. दुसरी बस आलीच नाही. अक्का टोपली घेऊन घरी परत गेल्या. साखरपुडा आत्याशिवाय झाला, पुढे लग्नालाही त्या आल्या नाहीत.

"म्या किती येळा म्हनलं, जावा एकदा," ताई म्हणाली. "तर म्हंत्यात, तिचा राग वाळू दे. आनी आता अक्काचा ल्योक तिला गोव्याला न्हेनार हाय, कायमचं. सुपारीचं काम सरलं की घर बंद." सुपारीचं काम तेव्हा निम्म्याच्या पुढे गेलं होतं. पाऊस केव्हाच संपला होता, अंगणात पापड कडकडीत वाळत होते, आणि खुंटीवरची चंची तेवढी वाळत नव्हती. हे कुठल्याही चामड्याचं दुखणं नव्हे, हे मलाही कळलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी माझ्या घरून, खानापुराहून, सरळ त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "साडूभाऊ, चला, नंदिगड्ड्याला जायचंय." ते काहीतरी कारण काढतील म्हणून ताईने त्यांची चप्पल आधीच बाहेर आणून ठेवली होती. ते म्हणाले, "आजच मेण खरवडलंय. नवा हात दिलाय सकाळी. वली हाय." ताई म्हणाली, "वलीच न्ह्या." मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर त्यांनी चंची दोन बोटांत धरून खिडकीबाहेर वाऱ्याला लावली. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने वळून विचारलं, "काय मासळी हाय काय?" ते म्हणाले, "न्हाई, भनीला न्हेतोय." म्हातारीला यातून काय कळलं देव जाणे, पण ती पुढे वळून बसली.

अक्का ओसरीवर सुपारी सोलत बसल्या होत्या. पायाखाली विळीसारखं पातं, बाजूला हिरव्या सालींचा ढीग. साडूभाऊ अंगणातच थांबले. अक्कांनी मान वर केली.

"कंच्या बसनं आलास?"

"जोयड्याच्या."

"बसाय मिळालं?"

"मिळालं."

इतक्या वर्षांनी भावाबहिणींचं पहिलं बोलणं हे एवढं. अक्कांनी आम्हाला ओसरीवर बसवून पाणी दिलं. साडूभाऊंनी चंची पुढे केली आणि म्हणाले, "हाताला रंग लागंल गं. अजून वाळली न्हाई. तशीच आनली." अक्कांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. सगळ्या हंगामाच्या सुपाऱ्या सोलून ते नखांपर्यंत काळपट तांबडे झालेले. "ह्या हातांना आनी कसला रंग लागायचा?" त्या म्हणाल्या, आणि चंची घेऊन तिथल्या तिथे तिच्यात पानं, सुपारी, चुना भरायला लागल्या. साडूभाऊ कळवळून म्हणाले, "मेण लावलं न्हाई, पानाचं पानी आत मुरंल." अक्कांनी ऐकलं नाही. घडी घातली आणि कमरेला खोवली. लुगड्यावर तांबडा डाग उमटला तो त्यांनी बघितलासुद्धा नाही.

"म्या तुला बघितलं हुतं त्या दिशी," साडूभाऊ एकदम म्हणाले. "आरशातनं. वळण येईस्तोवर दिसत हुतीस."

"ठावं हाय. हात केला हुतास की."

"तुझा राग जाऊ दे म्हनलं. मग यावं."

"राग?" अक्का सोलता सोलता थांबल्या. "त्यो त्याच सांजेला गेला. भाताचं आधण ठेवलं आनी गेला. मग म्हनलं, भाऊ न्ह्यायला येईल. बसले वाट बघत. लग्नाचं आवतान दुसऱ्याच्या हातनं आलं, तवा वाटलं, धाकट्यालाच राग आलाय. भाऊ स्वता न्ह्यायला आल्याबिगर जायाचं कसं?"

साडूभाऊ अंगणाकडे बघत बसले. मला फार वाईट वाटलं. ज्या रागाच्या वाळण्याची त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, तो भात शिजायच्या आधीच संपलेला होता. मग ते म्हणाले, "आता आलोय न्ह्यायला. चल."

"सुपारी कोन सोलंल?"

"दोगं सोलू. मग जाऊ."

मी एकटाच परतलो. सुपारी संपेपर्यंत ते तिथे राहिले, आणि मग बहिणीला बसमध्ये खिडकीजवळ बसवून रामनगरला घेऊन आले. गोव्याला जाण्याआधी अक्का आठ-दहा दिवस तिथे राहिल्या. भाचीला बेळगावाहून बोलावून घेतलं होतं, आम्हीही गेलो होतो. अक्कांनी भाचीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि साखरपुड्याला भरायची राहून गेलेली ओटी भरली. पानं, केळी, अबोली, सगळं तेच आणलं होतं. भाचीची मुलगी, म्हणजे साडूभाऊंना वाळू द्यायला शिकवणारी तीच नात, शेजारी उभी राहून हे बघत होती. तिने विचारलं, "आईचं लग्न आहे का?"

आम्ही सगळे हसलो. अक्काही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी भाचीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि तो किती तरी वेळ सोडलाच नाही. आत्याला यायला उशीर झाला होता, इतकंच. पण केवढा, ते त्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीकडे बघून साऱ्यांना दिसत होतं. साडूभाऊ उठून परसदारी गेले. मी त्यांच्या मागे गेलो नाही.